बाहेरच्या भिंतीचा रंग आणि खडेबाजाराकडचं ते दुकान, एक पावसाळा गेल्यावर

संक्रांत झाल्यावर घराला बाहेरनं रंग दिला, तेव्हाच लिहिणार होते पण म्हटलं एक पावसाळा जाऊ दे, बेळगावचा पाऊस खाल्ल्याशिवाय बाहेरच्या रंगाबद्दल बोलण्यात काय अर्थ नाही. आता दसरा पण झाला, तर लिहिते. दुकानाचं नाव टाकत नाही कारण शेवटी एक घोळ झालाय. खडेबाजाराच्या आसपास आहे एवढं पुरे.

आमचं घर वडगावच्या पुढं येळ्ळूर रोडला, पुढचा सोपा जुना मंगळुरी कौलांचा आणि मागं नवीन स्लॅब, अशी खिचडी. बाहेरनं नुसता वाळूचा प्लास्टर, पुट्टी नाही. मागची भिंत पश्चिमेला, मृग लागला की सगळा झोडा तिच्यावरच, गणपतीपर्यंत हिरवी आणि दिवाळीपर्यंत काळी.

दुकानात गेल्या गेल्या त्यांनी घराचा फोटो मागितला आणि टॅबवर रंग भरून दाखवायला लागले. फुकट आहे म्हणून बघितलं. आमच्या ह्यांना तो करडा-पांढरा आणि मधे काळपट पट्टा असला बंगल्याचा प्रकार लगेच आवडला, सध्या प्रत्येक नव्या लेआउटला तोच आहे, अंधारात कुणीपण कुणाच्याही घरात शिरेल. त्यात त्या टॅबनं आमचं शेवग्याचं झाड पण करडं केलं आणि कौलं तर धरलीच नाहीत हिशोबात. अहो, एवढं मोठं लाल छप्पर डोक्यावर आहे, भिंतीचा रंग त्याच्याशी जमायला नको? टॅबला माझ्याकडनं पाचात एक, तो पण पोरांची करमणूक झाली म्हणून.

पण काउंटरवर जे काका होते ना, त्यांच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायलेय. मी शेडकार्ड टेबलावर ठेवून बोट फिरवत होते तर म्हणाले, "वैनी, ट्यूबलाईटखाली काय बघायलाय, रस्त्यावर चला." आणि खरंच गर्दीत बाहेर घेऊन आले, कार्ड आडवं नाही, भिंतीसारखं उभं धरायला लावलं. आत जो बदामी वाटत होता तो उन्हात सरळ पांढुरका दिसला. मग सांगितलं की कार्डावरचा चौकोन बोटाएवढा असतो, तोच रंग मोठ्या भिंतीवर उन्हात गेला की फिका पण दिसतो आणि भडक पण, म्हणून जो आवडलाय त्याच्यापेक्षा एक घर खालचा, जरा मळकट घ्या. एवढं बोलून 200 मिलीचे नमुन्याचे दोन डबे दिले, घरी जाऊन दोन हात मारा म्हणाले, पूर्वेच्या भिंतीवर एकदा आणि पश्चिमेच्या भिंतीवर एकदा, दोन बाय दोन फुटाचा चौकोन, आणि सकाळ दुपार संध्याकाळ बघा, आज लावून आज ठरवू नका कारण ओला असताना फिका असतो, वाळल्यावर गडद होतो. मोठी बादली आज खपवायची सोडून कोण एवढं सांगतंय ओ?

चार दिवस ते चौकोन भिंतीवर. येणारा जाणारा मत देऊन जायचा. शेजारच्या काकूंना पिस्ता पाहिजे होता, घर आमचं तरी. त्यात आपल्याकडं आणखी एक भानगड, पिवळ्याच्या जोडीला लाल घेतला (कन्नड झेंड्याचे रंग) तरी लोक डोळे बारीक करून बघतात आणि भगव्याकडं सरकलं तरी बघतात, रंगाला पण इथं पक्ष आहे. सासूबाई मात्र ठाम. त्यांचं माहेर शहापूरचं, घरात माग होता, त्यांना शेड नंबर वगैरे काही कळत नाही, त्या सांगणार मोतिया, अबोली, चिंतामणी, वांगी. पहिला चौकोन बघून म्हणाल्या, "हा मोतिया नव्हे, हा भिजवलेल्या तांदळाचा रंग." दुसऱ्याला म्हणाल्या, "ह्याला खाली गेरूचा काठ द्या, लुगडं पूर्ण होतंय." झालं ठरलं. बदामी भिंत, खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या, खाली दोन फूट गेरू.

हे काकांना सांगितलं तर ते खूष. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज, तो उन्हानं काय उडणार म्हणाले, आणि आमच्या बदामीचा फॉर्म्युला स्क्रीनवर दाखवला, त्यात पण यलो ऑक्साईड, थोडा रेड ऑक्साईड आणि जरासा काळा. भडक लाल, राणी, जांभळा असले रंग बाहेर लावले की उन्हाला लवकर उतरतात. आणि खालच्या पट्ट्याचं कारण तर आमच्या अंगणातच होतं, पागोळीचं पाणी मातीवर आपटून जे शिंतोडे उडतात ते बरोब्बर दोन फुटापर्यंत. जुन्या लोकांनी चुन्याच्या भिंतीला खाली गेरू मारायचा तो उगाच नाही मारला.

आता घोळ. भिंत साधारण 1800 चौरस फूट. दोन हाताला लिटरमागं 60 फूट धरून त्यांनी 30 लिटर काढलं, म्हणजे एक 20 ची आणि एक 10 ची बादली. पण 60 फूट गुळगुळीत भिंतीला हो, वाळूचा खरबरीत प्लास्टर किती पितो ते त्यांना माहीत नाही का? मागच्या भिंतीचा दुसरा हात अर्ध्यावर आला आणि रंग संपला. परत जाऊन 4 लिटर आणला, तोच शेडचा कोड, रंग मिसळायचं तेच मशिन, माझ्यासमोर डबा हलवून झाकणावर बोट टेकवून ड्रायरनं वाळवून दाखवला, आणि तरी भिंतीवर वाळल्यावर एक कणभर गुलाबी. बेसचा, म्हणजे मशिन ज्यात रंग मिसळतं त्या मूळ पेंटचा, बॅच वेगळा होता, हे झाकणावरचे स्टिकर शेजारी शेजारी धरल्यावर मला कळलं. परत घेणार नाहीत, मशिनवर केलेला रंग घेत नाहीत हे मान्य, पण मालकांनी निदान चूक झाली म्हणायची होती. ते "स्वल्प अड्जस्ट माडी", म्हणजे जरा सांभाळून घ्या, म्हणून हसले आणि पुढचं गिऱ्हाईक बघायला लागले. काका त्या दिवशी सुट्टीवर.

पेंटर पण कमी नाही. सगळ्या बादल्या आधी एका ड्रममधे एकत्र करायच्या असतात, नाहीतर कोपऱ्यापर्यंत येऊन थांबायचं असतं म्हणजे फरक दिसत नाही, हे त्यानं मला नंतर सांगितलं, भिंतीच्या मधोमध थांबून झाल्यावर. बादलीत कंपनी पेंटरसाठी जे बक्षिसाचे पॉइंट ठेवते ते मोबाईलवर जमा करायचं मात्र विसरला नाही.

पावसाळ्यानंतर म्हणाल तर रंग टिकलाय, पोपडा कुठंच नाही, गेरूच्या पट्ट्यावर शिंतोडे उडालेत पण दिसत नाहीत. मागच्या भिंतीला शेवाळ आलंच, पण पूर्वीच्या निम्म्यानं, तेही फक्त न्हाणीच्या पाईपाखाली, तो पाईप गळतोय, त्यात रंगाचा दोष नाही. रंग निवडायला ह्याच दुकानात परत जाईन, पण काका आहेत का ते आधी फोन करून विचारीन, आणि हिशोब घरनं करून 50 फुटानं सांगीन. पाचातले साडेतीन.

मागच्या भिंतीवरची ती रेघ संध्याकाळी उन्हात अजून दिसते. सासूबाई पाहुण्यांना चहा झाल्यावर मागं नेऊन दाखवतात, इथपर्यंत आधीच्या बादल्या आणि इथनं पुढं नंतरचा डबा.