साठीनंतर फ्रीकॅड शिकायचंय? एका पॅटर्नमेकरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, बाकीचं मग. वय साठीच्या आसपास किंवा पुढं असेल, हातात कारखान्यातला कुठला तरी धंदा असेल, फिटर टर्नर मोल्डर पॅटर्नमेकर काही पण, आणि थ्रीडी कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टचं डिझाइन, शिकायची मनापासून इच्छा असेल तर डोळे झाकून फ्रीकॅड घ्या. एक रुपया लागत नाही आणि आपल्यासारख्यांच्या डोक्याशी ते जुळतं. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येईलच.

मी कोल्हापूरचा, आख्खी उमर शिवाजी उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करण्यात गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फाउंड्रीत बीड (कास्ट आयर्न) ओतायच्या आधी वाळूत जो पोकळ आकार उठवतात तो ज्या नमुन्यानं उठवतात त्याला पॅटर्न म्हणायचं. पूर्वी गिऱ्हाईक अमोनियाच्या वासाची निळी ड्रॉइंगची गुंडाळी आणून टेबलावर पसरायचं, त्यावर बोट ठेवून बोलणं व्हायचं. आता काय, व्हॉट्सअपवर स्टेप फाइल (पार्टची थ्रीडी फाइल) येते आणि खाली एवढंच, "काका रेट सांगा". ती फाइल उघडायला दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची वाट बघत बसायचं हे मला अजिबात पटत नव्हतं. वजन किती, जाडी कुठं कमी, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) कसा बसणार हे बघायची नजर आपली, आणि फाइल उघडायची चावी दुसऱ्याकडं? म्हणून शिकायला घेतलं.

सुरुवात शहरातल्या एका क्लासपासून केली, नाव नको. बरोबरची सगळी पोरं विशीतली, त्याबद्दल काही नाही, पोरं चांगली होती. पण शिकवायची पद्धत म्हणजे फळ्यावर कमांड लिहायची, सगळ्यांनी ती टाइप करायची, तास संपला. लाइन, ट्रिम, ऑफसेट. कशासाठी करतोय ते कुणी सांगायचं नाही. ज्यानं तीस-चाळीस वर्षं खरे पार्ट हाताळलेत त्याला "आता एक चौकोन काढा" असं महिनाभर सांगत बसलं तर त्याचा इंटरेस्ट मरणारच. आपल्या वयाचा माणूस विद्यार्थी म्हणून येतो तेव्हा तो कोरा येत नाही, एवढं तरी क्लासवाल्यांनी लक्षात घ्यावं असं मला अगदी मनापासून वाटतं. मग पुतण्यानं लॅपटॉपवर फ्रीकॅड टाकून दिलं आणि म्हणाला, "काका, तुमचाच एखादा पार्ट घ्या आणि सुरू करा." हा सल्ला लाखमोलाचा निघाला.

आता प्रॉडक्टबद्दल. फ्रीकॅड हे ओपन सोर्स आहे, म्हणजे जगभरातले लोक मिळून बनवतात आणि सगळ्यांना फुकट, धंद्यासाठी वापरलं तरी फुकट. पहिलं व्हर्जन २००२ साली आलं आणि १.० म्हणायला त्यांनी थेट नोव्हेंबर २०२४ उजाडवला, म्हणजे बावीस वर्षं घाई केली नाही, मला तर हे आवडलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, इंटरनेट लागतं ते फक्त डाउनलोडपुरतं. फ्युजन या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरची पण वैयक्तिक वापरासाठी फुकट आवृत्ती आहे आणि ते दिसायला जास्त देखणं आहे हे मान्य, पण त्यात एका वेळी दहाच फाइली एडिट करता येतात, लॉगिन लागतं, फाइली त्यांच्या क्लाउडवर, आणि धंद्याला वापरायची परवानगी नाही. माझ्या फाइली माझ्या लॅपटॉपवर माझ्या फोल्डरमधे पाहिजेत, गिऱ्हाइकाचं डिझाइन आहे ते.

वयस्कर माणसानं सगळ्यात आधी काय करायचं तर सेटिंग. हे कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगत नाही कारण व्हिडिओ करणाऱ्यांचे डोळे तरणे असतात. एडिट मेनूत प्रेफरन्सेस उघडा, टूलबारच्या आयकॉनची साइझ मोठी करा, एक्स्ट्रा लार्ज पण मिळते. तिथंच स्केचर (स्केच काढायचा भाग) च्या डिस्प्लेमधे अक्षरांचा आकार वाढवा, नाहीतर मापाचे आकडे मुंगीएवढे दिसतात. दुसरं म्हणजे माउस. सुरुवातीला जी पद्धत सेट असते तिच्यात पार्ट फिरवायला मधलं चाक दाबून धरून वर डावं बटण पण दाबायचं असतं, ज्यांची बोटं आखडतात त्यांचा हात संध्याकाळपर्यंत दुखून येतो. खाली उजव्या कोपऱ्यात नॅव्हिगेशनची स्टाइल बदलायची सोय आहे, तिथं जेश्चर निवडा, मग डावं बटण दाबून ओढलं की पार्ट फिरतो आणि उजवं दाबून ओढलं की सरकतो. किती साधी गोष्ट आहे, पण याच्यावाचून कितीतरी लोकांनी शिकणं सोडलं असेल. आणि चष्मा! वाचायचा चष्मा लावून स्क्रीन धूसर दिसते, प्रोग्रेसिव्ह लावला तर मान वर करून बसावं लागतं. डॉक्टरांना सांगून स्क्रीनच्या अंतराचा वेगळा नंबर करून घ्या, खर्च सार्थकी लागतो.

आता मुख्य मजा. फ्रीकॅडमधे आधी सपाट स्केच काढायचं, मग त्याला जाडी द्यायची. स्केच वेडंवाकडं काढलं तरी चालतं, मग त्याला कन्स्ट्रेंट लावत जायचे, ही रेघ आडवी, ही दोन वर्तुळं सारखी, हे भोक मध्यापासून इतक्या अंतरावर. किती गोष्टी अजून मोकळ्या आहेत ते बाजूला लिहून येतं, त्याच्यावर क्लिक केलं की मोकळं कुठं राहिलंय तेवढंच उजळतं, आणि सगळं जखडलं की पूर्ण स्केच हिरवं होतं. नवीन पोरांना हा प्रकार जड जातो म्हणतात. आपल्याला जड जायचं कारणच नाही, आपण जन्मभर हेच केलं की, जॉबवर मार्किंग करताना आधी डेटम (मापं जिथून मोजायची ती जागा) ठरवायचा, कुठलं माप कुठून घ्यायचं ते ठरवायचं, एकच माप दोन बाजूंनी द्यायचं नाही. इथं पण तसंच, एकच माप दोनदा दिलं की लगेच लाल होऊन सांगतं की हे जादा झालं. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं त्याला अर्धं फ्रीकॅड येतंच असं मी म्हणेन.

एक पार्ट सविस्तर सांगतो. कडबाकुट्टीचं बेअरिंग हाउसिंग, आमच्याकडचं रोजचं काम. बेअरिंग ६२०५, म्हणजे आतलं भोक २५, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. मशीनिंगला प्रत्येक बाजूला ३ मिमी सोडलं तर कास्टिंगमधे बेअरिंग बसायचं भोक ४६ चं यायला पाहिजे. आता बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिमी, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. ॲल्युमिनियमला १३ च्या आसपास, स्टीलला २० च्या पुढं. आम्ही यासाठी श्रिंकेजची वेगळी पट्टी वापरायचो, तिच्यावर खुणाच मुळात वाढवून मारलेल्या असतात, बीडाची वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी, आणि चुकून दुसऱ्याच धातूची पट्टी हातात आली तर आख्खा पॅटर्न वाया.

फ्रीकॅडमधे काय केलं, तर आधी कास्टिंगच्या मापात पार्ट केला. मापं स्केचमधे थेट टाकली नाहीत, आतच एक्सेलसारखी स्प्रेडशीट असते तिच्यात लिहिली आणि प्रत्येक घराला नाव दिलं. मग स्केचमधे आकडा टाकायच्या जागी ते नाव. पार्ट झाला की ड्राफ्ट नावाच्या वर्कबेंचमधून (वर्कबेंच म्हणजे एका प्रकारच्या कामाच्या बटणांचा संच) त्याचा क्लोन, म्हणजे मूळ पार्टाबरोबर बदलणारी नक्कल, घेतला आणि त्या क्लोनचा स्केल तिन्ही दिशांना १.०१ केला. झाला बीडाचा पॅटर्न, भोक ४६.४६. मग गिऱ्हाइकाचा फोन, मोठ्या मशीनला ६२०६ टाकायचंय. त्याचा बाहेरचा व्यास ६२. स्प्रेडशीटमधे ५२ चे ६२ केले, एंटर मारला, हाउसिंग डोळ्यादेखत मोठं झालं, भोक ५६, क्लोनमधे ५६.५६, भोवतीची भिंत पण तेवढीच जाड राहिली कारण ती व्यासाला बांधली होती. हे बघताना जे वाटलं ते सांगता येत नाही. लाकडात हाच बदल म्हणजे नवीन पॅटर्न, नवीन कोअर बॉक्स, सगळं पहिल्यापासून.

त्याहून मोठी गोष्ट टेपरची. पॅटर्न वाळूतून वर काढताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना एक-दीड डिग्री टेपर द्यावा लागतो. पार्ट डिझाइन वर्कबेंचमधे त्याला ड्राफ्ट नावाचंच टूल आहे (मघाच्या ड्राफ्ट वर्कबेंचपेक्षा हे वेगळं), ते तुम्हाला तीन गोष्टी विचारतं. टेपर कुठल्या बाजूंना द्यायचा, न्यूट्रल प्लेन (जिथं माप बदलत नाही ती पातळी) कुठलं आणि पुल डायरेक्शन कुठली. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, कारण मोल्डरनं पॅटर्नमेकरला विचारायचे हेच तर प्रश्न आहेत, पार्टिंग (साचा जिथं दोन भागांत सुटतो ती रेघ) कुठं ठेवलंय आणि पॅटर्न कुणीकडं निघणार! ज्यानं हे सॉफ्टवेअर लिहिलं त्याला वाळू ठाऊक असो नसो, प्रश्न बरोबर विचारलाय. क्लासमधल्या एकाही पोराला पुल डायरेक्शन म्हणजे काय हे न दाखवता सांगता आलं नसतं आणि आपल्याला ते हातानं माहीत असतं. म्हणून म्हणतो, वय झालं हा यात तोटा नाहीच, कमांड विसरतात हे खरं पण कमांड काय कागदावर लिहून भिंतीला चिकटवता येतात, पार्टिंग कुठं ठेवायचं ते चिकटवता येत नाही.

कागदावरचं ड्रॉइंग पाहिजे असेल तर टेकड्रॉ नावाचं वर्कबेंच आहे, एक व्ह्यू ठेवला की बाकीचे आपोआप येतात, फर्स्ट अँगलमधे (व्ह्यू मांडायची एक पद्धत), आपल्याकडं शिकवतात तसंच, आणि परदेशी गिऱ्हाइकाला थर्ड अँगल पाहिजे तर एका ठिकाणी बदललं की झालं. आलेल्या स्टेप फाइली उघडतात, मापं घेता येतात. फक्त स्टेपमधे पार्ट कसा बनला त्याचा इतिहास येत नाही, नुसता घट्ट ठोकळा येतो, तेव्हा त्यात बदल करणं किचकट. हा दोष फ्रीकॅडचा नाही, स्टेप फाइलच तशी असते.

आता एक स्टार का कापला. एक म्हणजे वर्कबेंच. पार्ट वेगळं, पार्ट डिझाइन वेगळं, ड्राफ्ट वेगळं, आणि वर्कबेंच बदललं की वरची सगळी बटणं बदलतात. नवशिक्याला वाटतं आपलं काहीतरी हरवलं. माझं सांगणं, पहिले काही महिने स्केचर, पार्ट डिझाइन आणि टेकड्रॉ सोडून दुसरीकडं फिरकूच नका, क्लोनपुरतं ड्राफ्ट. दुसरं, फिलेट. गोलाई जरा मोठी दिली किंवा तीन कडा एका ठिकाणी भेटत असल्या की ते बऱ्याचदा जमत नाही म्हणून सोडून देतं, आणि आमच्या धंद्यात तर आतला एकही कोपरा टोकदार ठेवून चालत नाही, कास्टिंग तिथंच तडकतं. उपाय एवढाच, टेपर आधी, फिलेट सगळ्यात शेवटी, आणि एकदम सगळ्या कडा न निवडता थोड्या थोड्या करून. तिसरं, मागं जाऊन स्केच बदललं की पुढची कामं चुकीच्या कडेला चिकटायची हा जुना रोग होता, १.० मधे तो बराच कमी केलाय, पूर्ण गेलाय असं नाही. आणि एररचे मेसेज. इंग्रजी तर इंग्रजी, वर इंजिनिअरला पण कळणार नाही असं इंग्रजी. यावर काम व्हायला पाहिजे, मनापासून सांगतो, कारण शिकणारा माणूस इथंच खचतो.

शिकायला यूट्यूबवर मँगोजेली नावाचं चॅनल आहे, इंग्रजी आहे पण सावकाश बोलतात, हात धरून नेल्यासारखं दाखवतात. व्हिडिओचा स्पीड कमी करा, एक पायरी बघा, थांबवा, करा. मराठीत असं नीट पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी केलं तर फार मोठं काम होईल, इचलकरंजीच्या लूमवाल्यांपासून भोसरीच्या टूलरूमपर्यंत किती अनुभवी माणसं घरी बसून आहेत.

लॅपटॉप जुना चालतो, ८ जीबी रॅम असली तर साध्या पार्टला अडत नाही. माउस मात्र चाकाचा घ्या, टचपॅडवर शिकायला जाऊ नका. डाउनलोड फ्रीकॅड डॉट ऑर्गवरूनच करा, भलत्या साइटवरून नको. आणि पहिला पार्ट स्वतःच्या हातानं कधीतरी बनवलेला घ्या, ज्याची मापं झोपेत पण आठवतात असा. कुणाला हाउसिंगची स्प्रेडशीट कशी मांडली ते पाहिजे असेल तर खाली कमेंटमधे विचारा, फोटोसकट सांगतो.