करिअर काउन्सिलिंग पॅकेज: रिपोर्टला 1 स्टार, डॉक्टरांच्या कॉलला 5

पुतणी बारावी सायन्सला आहे आणि इंग्रजी सिरीज बघून बघून एकच धोशा, मला कोरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) व्हायचंय. म्हणून दिरांनी ठाण्यातल्या एका काउन्सिलिंगवाल्यांचं 4500 चं पॅकेज घेतलं, सोबत मी गेले. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

आधी टेस्ट, मग 22 पानी रंगीत रिपोर्ट, त्यात काय तर बीएस्सी फॉरेन्सिक करा आणि मग कोरोनर ऑफिसात नोकरी. आमचे सासरे मुंबई पोलिसातून रिटायर झालेत, त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाले, अगं कोरोनर कोर्ट 1999 लाच बंद झालं की! इंग्रजांचा 1871 चा कायदा होता, तेही फक्त मुंबई शहरात, बाकी महाराष्ट्रात ते कधी नव्हतंच. आता एडी म्हणजे अपमृत्यूची नोंद दाखल होते, इन्क्वेस्ट पंचनामा म्हणजे मृतदेहाची पाहणी पोलीसच करतात (पूर्वीचं सीआरपीसीचं 174, आता बीएनएसएसचं 194 कलम), पोलीस कोठडीत कोणी वारलं तर मॅजिस्ट्रेट चौकशी करतात. आणि पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम डॉक्टरच करणार. बीएस्सीवाल्याचं काम व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले पोटातल्या अवयवांचे नमुने) कलिन्याच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबला पोचला की मग सुरू. हे सगळं चहाबरोबर फुकट कळलं.

पण पॅकेजमध्ये एका फॉरेन्सिकच्या डॉक्टर मॅडमशी अर्धा तास व्हिडिओ कॉल होता तो मात्र एक नंबर. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर्षभर इंटर्नशिप, नीट पीजीची प्रवेश परीक्षा, मग एमडी फॉरेन्सिक मेडिसिन तीन वर्षं, सरळ हिशोब मांडला. तालुक्याला तर साधा एमबीबीएस मेडिकल ऑफिसरच पीएम करतो म्हणाल्या. मे महिन्यातली कुजलेली बॉडी कशी असते तेही सांगितलं, काही न लपवता. शिवाय जिवंत माणसंही येतात, मारहाणीच्या जखमा बघायच्या, वय ठरवायचं, आणि बदली झाली तरी जुन्या केसचं समन्स मागे येतंच. पुतणीने विचारलं रात्री मॉर्च्युरीत भीती नाही वाटत? मॅडम हसल्या, म्हणे सिरीजमध्येच सगळं रात्री होतं, आपल्याकडे सूर्यास्तानंतर पीएम करायला 2021 मध्ये परवानगी आली, तीही सोय असेल त्या हॉस्पिटलात, आणि खून-आत्महत्येच्या केसेस शक्यतो दिवसाच.

रिपोर्टचे पैसे परत मागितले, अजून उत्तर नाही. आणि हो, तो कॉल वेगळा 800 ला मिळतो, साइटवर अगदी खाली लिहिलंय, ते स्वतःहून सांगत नाहीत.