विंगवालं स्टॅम्प आयलायनर: शिक्का कामचलाऊ, निब मात्र झकास

घरी विंग, म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून वर जाणारं लायनरचं टोकदार शेपूट, काढायची म्हटलं की एक डोळा मस्त जमतो आणि दुसऱ्याची विंग भलतीकडेच जाते, मग दोन्ही सारख्या करायच्या नादात रेघा जाड होत होत कानाकडे निघतात. हे ज्यांच्याकडून नेहमी होतं त्यांच्यासाठीच हे स्टॅम्पवालं पेन निघालंय. जाहिरातीत बाई स्टॅम्प टेकवते, उचलते, झाली विंग. प्रत्यक्षात एवढं सोपं नाहीये पण अगदीच टाकाऊ पण नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेटमधे दोन पेनं येतात, एक उजव्या डोळ्याचं आणि एक डाव्याचं, टोपणावर आर आणि एल लिहिलेलं असतं. एका टोकाला तिरक्या त्रिकोणाचा स्टॅम्प, दुसऱ्या टोकाला बारीक फेल्टचं निब. स्टॅम्पने विंग छापायची आणि निबने पापणीवरून रेघ ओढत आणून तिला जोडायची. साइझ ८, १०, १२ मिलिमीटर अशा असतात, मी १० ची घेतली. नुसत्या आकड्यावरून अंदाज येत नाही, तर ८ ची रोजच्याला खपून जाते, १२ ची चांगलीच ठसठशीत दिसते आणि डोळे लहान असतील तर नुसती विंगच दिसेल, डोळा नाही.

आता स्टॅम्पचं बघू. मनगटावर ट्राय केलं तर छापल्यासारखी कड येते, पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी हाडाचा उंचवटा असतो, तिथली कातडी वळते आणि स्टॅम्प तर सपाट, त्यामुळे मधला भाग छान उमटतो आणि टोक येतच नाही. विंगमधे सगळी मजा त्या टोकाचीच ना! टोक यावं म्हणून जोरात दाबलं की शाई कडेने बाहेर येते आणि तिथल्या बारीक सुरकुत्यांमधे पसरते. त्यापेक्षा हलकं टेकवून डोळ्याकडून कानाकडे किंचित रोल करायचा, म्हणजे टोकही टेकतं. आणि दुसऱ्यांदा त्याच जागी टेकवायच्या भानगडीत पडू नका, तंतोतंत तिथेच कधीच बसत नाही, दोन टोकांची विंग होते. राहिलेलं निबने भरायचं.

कुठे टेकवायचं हे पॅकवरच्या चित्रातून काही कळत नाही. साधा हिशोब आहे, खालच्या पापणीची कड तशीच पुढे भुवईच्या शेवटाकडे वर गेली तर कुठून जाईल ती रेघ डोळ्यासमोर आणायची आणि स्टॅम्पची खालची कड त्या रेघेवर बसवायची. हे सरळ समोर बघत, डोळा उघडा ठेवून आणि चेहरा सैल ठेवून. कातडी बोटाने ताणून लावलं की सोडल्यावर रेघ आखडते आणि वाकडी दिसते, मग लोक पेनला नावं ठेवतात.

ज्यांचे हूडेड डोळे आहेत, म्हणजे डोळा उघडला की वरची घडी खाली येऊन पापणी झाकते, त्यांनी हा स्टॅम्प घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. छापलेली विंग त्या घडीत अर्धी गुडुप होते आणि वर ओली असताना डोळा उघडला की घडीच्या वरच्या बाजूला तिचा ठसा उमटतो. अशा डोळ्यांना विंग डोळा उघडा ठेवूनच काढावी लागते, घडीवरून सरळ रेघ न्यायची आणि मग डोळा मिटून मधली खाच भरायची. मिटल्यावर आकार विचित्र दिसतो, पायरीसारखा, पण उघडल्यावर एकदम सरळ. हे काम कुठलाही तयार शिक्का करू शकत नाही कारण प्रत्येकाची घडी वेगळी असते. खरं तर एकाच माणसाचे दोन डोळेही सारखे नसतात, त्यामुळे दोन एकसारखे शिक्के मारूनसुद्धा एक विंग वर वाटू शकते. तेव्हा मापापेक्षा आरशात समोरून काय दिसतंय ते बघायचं.

पण निब! निबसाठी मी या पेनला पूर्ण मार्क देईन. टोकाला एकदम बारीक, थोडं लवचिक आणि शाई एकसारखी येते, मधेच अडकत नाही की भसकन येत नाही. आरसा खाली ठेवून, हनुवटी वर करून, नजर खाली आणि कोपर टेबलावर टेकवलेलं, या पोझिशनमधे पापणीच्या केसांच्या मुळाशी ठिपके ठिपके देत गेलं आणि मग जोडले की एका दमात रेघ ओढायची गरजच राहत नाही. विंगची खालची कड जाड झाली तर मायसेलर वॉटरमधे (मेकअप पुसायचं पाण्यासारखं क्लेन्झर) बुडवून नीट निथळलेला इअरबड बाहेरच्या दिशेने एकदाच फिरवायचा, इतकी धारदार कड येते की बास.

रंग खरंच काळा आहे. पॅकवर सीआय ७७२६६ दिसलं (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगद्रव्याचा नंबर), म्हणजे कार्बन ब्लॅक. नुसतं आयर्न ऑक्साइड, ७७४९९, असलं की कधीकधी काळा जरा फिका पडतो, तसं इथे नाही. टिकतं पण चांगलं, फक्त पापणी तेलकट असेल तर आधी हलकी पावडर मारा नाहीतर दुपारपर्यंत विंगचं टोक पुसट होतं. वॉटरप्रूफ लिहिलंय आणि पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण तेलाला देतं, म्हणून काढताना ऑइलवालं रिमूव्हर कॉटन पॅडवर घेऊन थोडा वेळ डोळ्यावर नुसतं धरून ठेवायचं. घासायचं नाही.

वॉटरलाइनला, म्हणजे पापणीच्या आतल्या ओल्या कडेला, हे लावू नका. तिथे तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात आणि तिथलं लायनर सरळ डोळ्यात उतरतं. लेन्स वापरत असाल तर लेन्स आधी, लायनर नंतर.

माझी मोठी तक्रार स्टॅम्पकडच्या टोपणाची. बंद झाल्याचा टक आवाज येत नाही, बंद झालंय असं वाटतं आणि स्टॅम्प कडेने सुकायला लागतो, मग विंग ठिगळासारखी उमटते. पेन आडवं ठेवलेलं बरं, म्हणजे शाई एकाच टोकाला जाऊन बसत नाही.

शिवाय पॅकवर उघड्या डबीचं चिन्ह आहे, आत ६ एम, म्हणजे उघडल्यापासून सहा महिने. डोळ्याला लागणारी ओली वस्तू आहे, ते पाळायलाच हवं आणि कुणाला वापरायला पण द्यायचं नाही. आता सहा महिन्यांत एकटीने दोन पेनं संपवणं अवघडच. निब दोन्ही पेनांना सारखंच आहे, त्यामुळे स्टॅम्प जमत नसेल तर एकच पेन उघडा आणि दुसरं सीलबंदच राहू द्या, पहिलं संपल्यावर कामाला येईल.