पीएचडी, तासिका आणि कथेची वही: सांगलीत राहून काय निवडावं?

एम.ए. मराठी झालंय, सेट किंवा नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) हातात आहे, वहीत आठ-दहा कथा आहेत आणि घरचे विचारतायत, 'आता पुढं काय?' आमच्या सांगली-मिरजेकडची अशी पोरं-पोरी अधूनमधून फोन करतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथं लिहिते. वाटा मुख्य दोन: फेलोशिप घेऊन पूर्णवेळ पीएचडी, नाहीतर तासिका तत्त्वावर (म्हणजे सीएचबीवर) शिकवत अर्धवेळ पीएचडी. तिसरीही एक आहे, तिच्याकडं नंतर येते.

पैशाचा निकाल एका दमात लागतो. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) असेल तर जानेवारी 2023 पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढं 42,000, वर घरभाडं भत्ता. जेआरएफ नसेल तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर डोळा ठेवायचा. अट एकच, सोबत पगारी नोकरी चालत नाही. तासिका तत्त्वावर मात्र घेतलेल्या तासिकेचेच पैसे. दिवाळीची सुट्टी कोरडी, मे महिना कोरडा. एका कॉलेजात आठवड्याला नऊच्या आसपास तासिका मिळतात, म्हणून माणूस दोन कॉलेजं धरतो. मी सकाळी सांगलीत आणि दुपारी तासगावला शिकवायची. त्यातल्या एका ठिकाणचं ऑगस्टपासूनचं मानधन मार्चअखेरीला मिळालं, तेही तीनदा अर्ज करून. पैशावरच ठरवायचं असेल तर पुढं वाचूच नका, फेलोशिप घ्या.

वेळेबाबत एक गैरसमज काढायला हवा. अर्धवेळ म्हणजे निवांत, असं काही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएचडी नियमांत किमान 3 वर्षं आणि कमाल 6, फेरनोंदणी केली तर आणखी 2; महिलांना त्यावर 2 जादा, पण सगळं मिळून 10 च्या आत. हे घड्याळ पूर्णवेळ-अर्धवेळ दोघांनाही सारखंच. किमान 12 क्रेडिटच्या कोर्सवर्कमधून अर्धवेळवाल्यांची सुटका नाही, आणि नोकरी असेल तर तिथली एनओसी (ना हरकत पत्र) आणावीच लागते. शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर, त्यामुळं सकाळी निघून खर्डेकर ग्रंथालयात दिवसभर बसून रात्री घरी येता येतं. सातारकरांना ते सव्वाशेच्या घरात जातं. त्यांनी खोली घ्यावी हे बरं. जुनं काही चाळायचं असेल तर मी शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) आधी बघते, मग पाय उचलते.

आता मुद्द्याचं. लिखाण कुठल्या वाटेवर तगतं?

वरवर पाहता फेलोशिपच्या. दिवस मोकळा, खोली स्वतःची. पण प्रबंधाची मराठी ही भयंकर चिकट गोष्ट आहे. सकाळभर 'प्रस्तुत प्रकरणात', 'असे दिसून येते', 'या अनुषंगाने' लिहिलं की संध्याकाळी कथेतली म्हातारीसुद्धा सुनेला अनुषंगानं बोलायला लागते. हसू नका, माझ्या एका कथेत असं झालंय आणि संपादकांनी त्या ओळीखाली रेघ मारून परत पाठवलंय. शिवाय दिवस मोकळा असला की कथा लिहिताना अपराधी वाटतं: सरकार पैसे देतंय प्रबंधाचे आणि आपण करतोय काय.

वर्गात याच्या उलट. जत, कवठेमहांकाळ, शिराळ्याकडची पोरं समोर बसलेली. कुणाला एसटी गाठायची म्हणून शेवटची पंधरा मिनिटं तिची नजर दारावर. कुणी द्राक्षाच्या छाटणीमुळं आठवडाभर गायब. ही पोरं बोलतात ती भाषा कानात राहिली तर कथेला दुसरं काही लागत नाही. माझ्या बऱ्या जमलेल्या चारही कथा वर्गातून आल्यात. पण त्या लिहिल्या कधी? मे महिन्यात, बिनपगारी. कारण दिवाळी अंकांकडं कथा पाठवायची ती जुलै-ऑगस्टात, आणि नेमकी तेव्हाच प्रवेश, वेळापत्रक, सीएचबीच्या मुलाखती यांची धांदल. जूनपर्यंत कच्चा खर्डा झाला नसेल तर त्या वर्षाची कथा गेली असं मी समजते.

म्हणजे कच्चा माल वर्गात, वेळ फेलोशिपमध्ये. यावर मला सापडलेला उपाय असा: फेलोशिप मिळाली तरी वर्ग पूर्ण सोडू नका. नियमांत संशोधकांना आठवड्याला 4 ते 6 तास अध्यापन-साहाय्य देण्याची तरतूद आहे, ते मागून घ्या. फेलोशिप नसेल तर एकच कॉलेज धरा. दुसऱ्या कॉलेजाचे पैसे पेट्रोलात आणि पाठदुखीत जातात.

आणि पीएचडीची घाई कशाला? जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट-सेट पुरेशी पात्रता आहे. निवडीच्या गुणांत पीएचडीचं वजन मोठं आहे हे खरं, पण नोंदणी केली की घड्याळ सुरू होतं. तेव्हा संग्रह आधी पुरा करा, नोंदणी मग. कथासंग्रहाला संशोधनाच्या गुणतक्त्यात वेगळा रकाना नाही, हेही ध्यानात ठेवा. अनुवादित पुस्तकाला मात्र 8 गुण आहेत. हाताला मराठी लिहायची सवय राहावी आणि फाइलही भरावी असं वाटत असेल तर अनुवाद करा.

तिसरी वाट ज्युनिअर कॉलेजची. बी.एड. करायचं, टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) द्यायची, पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवर थांबायचं. थांबणं लांबतं. पण लागली तर पगार बाराही महिने, आणि एनओसी आणली की अर्धवेळ पीएचडीला कुणी अडवत नाही. प्राध्यापक म्हणवून घ्यायची हौस नसेल तर कथा लिहिणाऱ्याला मी हीच सुचवेन.

वाट कुठलीही धरा, विषय मात्र जपून घ्या. मी प्रबंधाला ग्रामीण कथा घेतली, कारण मी तीच लिहीत होते. दोन वर्षं एक ओळ सुचली नाही. प्रत्येक वाक्य लिहिण्याआधीच त्याचं विश्लेषण डोक्यात तयार. माझ्याबरोबरच्या एकानं जुन्या नियतकालिकांतल्या जाहिरातींची भाषा घेतली. त्याच्या कविता चालू राहिल्या. तेव्हा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) देण्याआधी कथेची वही आणि प्रबंधाचं शीर्षक शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडं तेच गाव, तीच माणसं असतील तर गाईडना आत्ताच भेटा. समितीनं शीर्षक मंजूर केल्यावर ते बदलायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या आणि पुढच्या बैठकीची वाट बघणं.