एम६ आटे दुरुस्ती किट (हेलिकॉइल पद्धतीचं)
इंजिनाच्या क्लच कव्हरच्या एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टला आवळताना साधारण १० न्यूटन-मीटर जोर पुरतो. जास्त आवळला की क्रँककेसच्या (इंजिनाच्या बाहेरच्या खोक्याच्या) ॲल्युमिनियमचे आटे बोल्टसोबतच निघून येतात. मग एपॉक्सी भरून किंवा जाड बोल्ट ठोकून भागवू नका, हे किट घ्या. पैसे वसूल आहे. खराब आटे काढायला ६.३ मिमी ड्रिल, भोकात आटे पाडायचा टॅप, तारेचे इन्सर्ट (भोकात बसून बोल्टसाठी नवे आटे होणारी वेटोळी), ते बसवायचं हत्यार, सगळं त्यात येतं. भोक तिरकं गेलं तर पुढचं सगळं वाया, म्हणून ड्रिल काटकोनात धरा. टॅपला भरपूर ग्रीस लावा, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो, इंजिनात पडत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. इन्सर्ट पृष्ठभागापासून अर्धा आटा खाली बसवा, त्याचं शेपूट (खालच्या टोकाचा आडवा तुकडा) तोडा आणि चिमट्याने आठवणीने बाहेर काढा. स्वस्त किटमधलं ड्रिल मात्र लवकर बोथट होतं; ते वेगळं चांगलं घ्या.