डग्लस फरची मूळकूज: खुंट उपटायचे की झाडाची जात बदलायची?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओरेगॉन, वॉशिंग्टन किंवा ब्रिटिश कोलंबियातल्या जंगलात डग्लस फर हे सूचिपर्णी झाड उन्मळून पडलंय, मुळं बुंध्यालगतच तुटलीत आणि कुजलेलं लाकूड वार्षिक वलयांवरून पापुद्र्यांसारखं सुटतंय? पापुद्र्यांमध्ये तांबूस, केसांसारखी लव दिसली तर ही मूळकूज घडवणारी 'कोनिफेरिपोरिया सल्फ्युरॅसेन्स' बुरशी.

ती मोकळ्या मातीतून पसरत नाही. मुळाला मूळ टेकलं की वर्षाला साधारण 30 सेंटिमीटर सरकते, आणि झाड तोडल्यावरही खुंटाच्या मुळांत 50 वर्षांपर्यंत तग धरू शकते. त्यामुळे नुसती तोड करून तिथेच पुन्हा डग्लस फर लावू नका. रोपं काही वर्षं छान वाढतात, मुळं जुन्या खुंटांना भिडली की मरू लागतात.

खुंट उपटले तर मात्र डग्लस फर पुन्हा लावता येतं. काम पोकलेनचं. माती कोरडी हवी, उतार 30 टक्क्यांच्या आत. खुंट उचलून माती झटकायची, मुळं वर करून वाळत ठेवायचा; परत पुरायचा नाही. 5 सेंटिमीटरहून जाड मुळं मागे राहिली तर खर्च वाया. ओल्या चिकणमातीत यंत्र घातलं की जमीन दाबली जाते, रोपं खुरटतात.

तीव्र उतारावर, ओढ्याकाठी जात बदलणंच योग्य. रेड अल्डर आणि बिगलीफ मेपल या रुंदपर्णी झाडांना ही बुरशी लागतच नाही. अल्डर मातीत नत्रही भरतं, पण त्याला ओल हवी. वेस्टर्न रेडसीडर रोगाला दाद देत नाही, मात्र हरणं त्याचे शेंडे खातात, म्हणून प्रत्येक रोपाला जाळी लागते. अलीकडच्या दुष्काळांत कोरड्या जागी ते वाळतंय, तिथे लावू नका. वेस्टर्न व्हाइट पाइन बऱ्यापैकी टिकतं. त्याला फोडतांबेऱ्याचा (पाइनला होणाऱ्या एका वेगळ्या बुरशीजन्य रोगाचा) धोका, म्हणून रोधक रोपंच घ्यावीत आणि खालच्या फांद्या छाटाव्यात. जात बदलण्याच्या मार्गात आपोआप उगवलेली डग्लस फर आणि ग्रँड फरची रोपं दर काही वर्षांनी काढावीच लागतात, नाहीतर त्यांच्या मुळांतून बुरशी जिवंत राहते.

सर्वात महाग चूक बाधित भागाची हद्द आखताना होते. वरून हिरव्यागार दिसणाऱ्या बऱ्याच झाडांची मुळं आधीच बाधित असतात. शेवटच्या आजारी झाडापासून बाहेर 15 मीटरचा पट्टा धरा, मग पोकलेन आणा किंवा रोपं मागवा.