एकाच हाताच्या दोन गाड्या: डुकाटी ९१६ घ्यावी की एमव्ही अगुस्ता एफ४?

या दोन्ही इटालियन मोटारसायकली आधी मागून पाहा. डुकाटी ९१६च्या सीटखालून दोन सायलेन्सर डोकावतात आणि त्यांच्या खाली मागचं चाक उजव्या बाजूने पूर्ण उघडं दिसतं. त्याला धरणारा हात, म्हणजे स्विंगआर्म, फक्त डाव्या बाजूला आहे. एमव्ही अगुस्ता एफ४चं चाकही असंच उघडं, पण सीटखाली चार नळ्या, चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसारख्या शेजारी शेजारी लावलेल्या. घडवणारा एकच आहे हे कुणी सांगायची गरज पडत नाही.

तो माणूस मासिमो तांबुरीनी. जन्म १९४३चा, इटलीतल्या रिमिनीचा. व्यवसाय इमारतींना हीटिंग बसवण्याचा, वेड मात्र मोटारसायकलींचं. १९७२ मध्ये मिझानोच्या ट्रॅकवर होंडा सीबी ७५० घेऊन पडला, हाडं मोडली, आणि बरा होत असताना त्याच होंडाच्या इंजिनासाठी स्वतःच्या कल्पनेची नवी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, केली. बिमोटा ही मोटारसायकल कंपनी त्याने दोन भागीदारांसोबत काढली, त्या नावातला ‘टा’ त्याचाच. पुढे कजीवा या इटालियन मोटारसायकल कंपनीच्या कास्तिल्योनी बंधूंनी १९८५ मध्ये डुकाटी विकत घेतली आणि तांबुरीनी त्यांच्यासाठी सान मारिनोच्या संशोधन केंद्रात काम करू लागला. ९१६ तिथलीच, एफ४ही तिथलीच. पहिली १९९३च्या शरदात मिलानच्या प्रदर्शनात आली, दुसरी १९९७ मध्ये त्याच शहरात.

मग या दोघींत निवड कशी करायची? हा प्रश्न मुख्यतः युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या, घरी गॅरेज असलेल्या आणि एकच जुनी इटालियन गाडी घ्यायचं ठरवलेल्या वाचकासाठी आहे. भारतात त्या काळातली गाडी आणणं नियमांमुळे फार अवघड. एमव्ही अगुस्ता भारतात रीतसर विकायला आणली ती पुण्याच्या कायनेटिकने, २०१६ मध्ये. पण तोवर एफ४ हजार सीसीची होऊन पुढच्या पिढीत गेली होती. मी इथे बोलतोय ती मूळ ७५० सीसीच्या एफ४बद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो: चालवायला घेणार असाल तर ९१६. आता कारणं.

९१६मध्ये डोळ्याला सुंदर वाटणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट मुळात एखाद्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. सायलेन्सर सीटखाली गेले, म्हणून बाजू मोकळ्या झाल्या आणि वळणावर गाडी खूप झुकली तरी सायलेन्सर रस्त्याला घासत नाहीत. चाक एका बाजूने उघडं, म्हणून शर्यतीत ते झटपट बदलता येतं. समोरचे दोन दिवे बारीक आणि आडवे, त्यामुळे नाक अरुंद राहतं आणि वारा कमी अडतो. पेट्रोलच्या टाकीचा तळच एअरबॉक्सचं, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या पेटीचं, झाकण आहे. वेगळं झाकण बसवण्यात जाणारी जागा वाचली, ती सगळी इंजिनाला हवा घ्यायला मिळाली. चासी स्टीलच्या नळ्यांच्या जाळीची, आणि पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा कोन २४ की २५ अंश हे मालकाला ठरवता येतं. रस्त्यावरच्या गाडीत अशी सोय कोण देतं!

सीटखालचे सायलेन्सर आणि एका बाजूचा स्विंगआर्म या दोन्ही गोष्टी होंडाच्या एनआरमध्ये १९९२ मध्येच दिसल्या होत्या. तांबुरीनीचं श्रेय शोधाचं नाही, जुळणीचं आहे. नाकापासून शेपटापर्यंत एक रेघ ओढा, ती कुठेही अडखळत नाही. पोट बारीक, कारण आत दोनच सिलिंडर, नव्वद अंशांत, पुढचा जवळजवळ आडवा झोपलेला. गाडीवर बसल्यावर गुडघे टाकीला किती आत येतात ते पाहा, म्हणजे इंजिनाची रुंदी आणि गाडीचं रूप ही एकच गोष्ट आहे हे पटेल.

एफ४ची गोष्ट वेगळी आहे. एमव्ही अगुस्ता म्हणजे विमानं बनवणाऱ्या अगुस्ता घराण्याची मोटारसायकल. शर्यतपटू जाकोमो अगोस्तिनीच्या १५ विश्वविजेतेपदांपैकी १३ याच गाड्यांवरची. पण कंपनी कधीच बंद पडली होती. कास्तिल्योनींनी नाव विकत घेतलं आणि त्या नावाला शोभेल अशी गाडी तांबुरीनीकडे मागितली. म्हणजे इथे सुरुवातच स्वप्नापासून झाली. इंजिन चार सिलिंडरचं, सुरुवातीच्या आराखड्यात फेरारीच्या अभियंत्यांचा हात, व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातल्या झडपा, पंख्यासारखे तिरके मांडलेले. गिअरबॉक्स कॅसेटसारखा, म्हणजे इंजिन न उघडता बाजूने बाहेर काढता येणारा. चासी अर्धी स्टीलच्या नळ्यांची, अर्धी अ‍ॅल्युमिनियमची. पुढचे फोर्क तब्बल ४९ मिलिमीटर जाडीचे. पहिल्या ३०० गाड्या ‘सेरिए ओरो’, म्हणजे सुवर्णमालिका. त्यांचे मॅग्नेशियमचे भाग सोनेरी रंगवलेले होते.

एफ४जवळ उभं राहिलं की हात आपोआप पुढे जातो. फेअरिंगमधल्या, म्हणजे बाहेरच्या आवरणातल्या, फटी, एकावर एक बसवलेले दोन दिवे, लाल आणि रुपेरी रंग जिथे भेटतात ती कड, सगळं बोटांनी चाचपून पाहावंसं वाटतं. कारागिरी म्हणून एफ४ वरचढ आहे, यात मला शंका नाही. ९१६चं प्लास्टिक तिच्यापुढे साधं वाटतं, स्विचेसही साधेच. पण एफ४च्या चार नळ्या पाहताना मनात येतं की दोनवरही भागलं असतं. ९१६वर मला असा एकही भाग दाखवता येणार नाही. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने मोटारसायकलींचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा दोघींनाही मान मिळाला होता. संग्रहालयापुरती बरोबरी मी मानतो.

रस्त्यावर बरोबरी राहत नाही. ९१६ची ताकद सुमारे १०९ हॉर्सपॉवर, इंजिनाच्या मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर. एफ४ची १२६, पण त्यासाठी इंजिन १२,५०० फेऱ्यांपर्यंत ताणावं लागतं. कागदावर एफ४ पुढे, घाटरस्त्यावर मात्र उलटं. ९१६ खालच्या फेऱ्यांतही ओढते, वळणातून बाहेर पडताना गिअर शोधत बसावं लागत नाही. एफ४ कमी वेगात अंग चोरते आणि वर गेल्यावरच खुलते. तिचा तो चढत जाणारा आवाज एकदा ऐकला की कानातून जात नाही, हेही खरं. ९१६चा आवाज खर्जातला, आणि क्लच दाबला की कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या, क्लचचा खडखडाट. नव्या माणसाला वाटतं काहीतरी सुटलंय. तो खडखडाट तसाच असायचा असतो.

शर्यतींचा इतिहास हा मला शोभेचा मुद्दा वाटत नाही, कारण गाडीचा स्वभाव त्यातून घडतो. त्या वेळच्या सुपरबाइक स्पर्धेत चार सिलिंडरला ७५० सीसीची मर्यादा होती, दोन सिलिंडरला १,००० सीसीची. ९१६ या नियमाला धरूनच वाढली. कार्ल फोगार्टीने तिच्यावर १९९४ आणि १९९५ मध्ये विजेतेपद मिळवलं, १९९६ मध्ये ट्रॉय कॉर्सरने, १९९८ मध्ये पुन्हा फोगार्टीने. ब्रेक, सस्पेन्शन, वजनाचा तोल, सगळ्याची परीक्षा दर शर्यतीत होत होती. एफ४ला ती शाळा मिळाली नाही.

आराम दोन्हीकडे नाही. हँडल खाली, वजन मनगटांवर, आणि सीटखालच्या सायलेन्सरांची धग उन्हाळ्यात थेट बसणाऱ्याला लागते. शहरातल्या सिग्नलवर दोघीही छळतात. मागे कुणाला बसवायचं असेल तर हा सगळा विचारच सोडा.

आता खर्च. ९१६मध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटत नाहीत, उघडायला एक रॉकर, म्हणजे छोटी तरफ, आणि मिटायला दुसरा. त्यामुळे साधारण १०,००० किलोमीटरला व्हॉल्व्ह तपासून शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, बदलावे लागतात, आणि गाडी नुसती उभी असली तरी दर दोन वर्षांनी रबरी टायमिंग बेल्ट बदलायचेच. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जातं. एफ४मध्ये बेल्ट नाही, चेन आहे. तेवढी चिंता कमी. पण तिच्या सुट्या भागांसाठी थांबायची तयारी ठेवा. कंपनी २००४ मध्ये मलेशियाच्या प्रोटॉनकडे गेली, परत आली, २००८ मध्ये हार्ले-डेव्हिडसनकडे गेली, २०१० मध्ये पुन्हा कास्तिल्योनींकडे. याउलट ९१६चं बरंचसं अंग ७४८, ९९६ आणि ९९८ या बहिणींशी जुळतं, आणि त्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. युरोपात जुन्या डुकाटीवर हात बसलेला मेकॅनिक शोधायला फार फिरावं लागत नाही.

बजेट कमी असेल तर ७४८चा विचार जरूर करा. रूप तेच, चासी तीच, आणि इंजिन लहान असल्याने ती वळणात अधिक चपळ वाटते. एफ४ घ्या ती तुमच्याकडे चालवायला दुसरी गाडी असेल तर, आणि संध्याकाळी गॅरेजचा दिवा लावून पंधरा मिनिटं नुसतं बघत बसण्यात तुम्हाला खरंच सुख वाटत असेल तर. तसा माणूस मी ओळखतो, आणि त्याने योग्यच निवड केली आहे.

९१६ बघायला गेलात तर रॉकरवरचा क्रोमचा थर निघालाय का हे विचारा. त्या काळच्या या इंजिनांचं ते प्रसिद्ध दुखणं आहे आणि दुरुस्ती महाग पडते. बेल्ट बदलल्याच्या पावत्या तारखेसह मागा. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर घाई करू नका. कॉफी घ्या, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, आणि मग स्टार्टरचं बटण तुम्ही स्वतः दाबा.